बी.एड. करणाऱ्या आईने बाळ कुठे ठेवावं : अंगणवाडी की 'पाळणा'?

अंगणवाडी आणि 'पाळणा' योजनेतलं पाळणाघर, दोन्ही सोयी सरकारी, महिला व बालविकास खात्याच्या, आणि बऱ्याचदा एकाच इमारतीत. पण कॉलेजच्या वेळापत्रकाशी त्यांचं सारखं जमत नाही.

अंगणवाडी जवळ असते. हाकेच्या अंतरावर, पैसे लागत नाहीत, सेविकाताई ओळखीच्या. 3 ते 6 वर्षांच्या मुलाला तिथे गरम ताजा आहार मिळतो. 3 वर्षांखालच्या बाळाला मात्र ठेवून घेत नाहीत. त्याच्या वाट्याला येतो टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पाकिटातला आहार. म्हणजे दीड वर्षाचं बाळ असेल तर निवड आपोआपच झाली : 'पाळणा'.

मूल मोठं असेल तरी खरी अडचण पुढे आहे. अंगणवाडी मुळात तीन-चार तासांची. त्यात सेविकेच्या मागे बीटच्या (म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाच्या) बैठका, पोलिओची फेरी, मतदार यादीचं काम, 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपवरच्या नोंदी. त्या दिवशी मदतनीस एकटी असते आणि मुलं खाऊन लगेच घरी. तासाला बसलेल्या आईला बारा वाजता फोन येतो : "आज लवकर सोडतोय, घेऊन जा." वेळ कमी असली तर आधीपासून जुळवाजुळव करता येते. अशा फोनवर काय करणार?

बी.एड.ला हे महागात पडतं. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) नियमाप्रमाणे तासिकांना 80 टक्के हजेरी लागते आणि शाळेतल्या आंतरवासितेला (इंटर्नशिपला) 90 टक्के. दुसऱ्या वर्षीची आंतरवासिता 16 आठवड्यांची. सहा दिवसांचा आठवडा धरला तर 96 दिवस, म्हणजे चुकवायला मिळतात जेमतेम नऊ. बाळाचा ताप, लसीचा दिवस यातच ते संपतात.

'पाळणा' योजनेतलं पाळणाघर 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांसाठी आहे. महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास. झोपायची जागा, खाणं, वजनाची नोंद तिथेच. अंगणवाडी-सह-पाळणाघर असेल तर पाळणा सेविका आणि मदतनीस वेगळ्या असतात, त्यामुळे अंगणवाडीच्या ताई बैठकीला गेल्या तरी बाळ परत येऊ नये. पूर्वीच्या पाळणाघर योजनेत आई कामावर जाणारी असावी लागे. 2022 पासून ती अट नाही. म्हणून 'तुम्ही नोकरी करत नाही' हे कारण सांगून परत पाठवलं तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा.

साडेसात तासही पुरतीलच असं नाही. बी.एड.चे आठवड्याला किमान 36 तास. कॉलेज सहा दिवसांचं असेल तर रोजचे सहा तास, जायला-यायला दीड तास उरतो. पाच दिवसांचं असेल तर रोज 7 तास 12 मिनिटं. उरली 18 मिनिटं. तिथे घरातलं माणूस लागेलच. आंतरवासितेची शाळा सकाळच्या सत्रातली मिळाली तर पाळणाघर उघडायच्या आधीच निघावं लागतं, तेव्हा शाळांचं वाटप होण्याआधीच दुपारचं सत्र मागून ठेवावं.

कॉलेजचंच पाळणाघर? 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते ठेवावं लागतं, पण कर्मचाऱ्यांसाठी. विद्यार्थिनीचा त्यावर हक्क नाही. कॉलेजच्या महिला विकास कक्षाकडे विचारून पाहायला हरकत नाही.

माझा कल 'पाळणा'कडे आहे, अर्थात तो जवळ असेल तर. ही केंद्रं अंगणवाड्यांच्या मानाने फारच थोडी. आणि नुसत्या पाटीवर जाऊ नये. दुपारी तीन वाजता जाऊन पाहावं : सेविका आणि मदतनीस दोघी हजर आहेत का, मुलं झोपलीत का, पंचविसाच्या वर तर नाहीत ना, दोन्ही पदं भरलेली आहेत का. नाव घालताना जन्माचा दाखला, आधार आणि माता-बाल संरक्षण कार्ड जवळ असू द्यावं.

मूल तीन वर्षांवरचं असेल आणि फोन आला की निघेल अशी आजी घरात असेल, तर मात्र अंगणवाडीच बरी. निदान भर उन्हात बाळाला घेऊन दुसऱ्या वस्तीत जावं लागत नाही.