डिजिटल ट्रेनर किट, अख्खं सेमिस्टर वापरल्यावर: बाकी ठीक, पण ते क्लॉकचं बटण!

ईसीएसच्या (बी.एस्सी. एन्टायर कॉम्प्युटर सायन्स) पहिल्या वर्षाला ज्यांना डिजिटल लॉजिक आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. हे किट म्हणजे डिजिटल सर्किट लावून बघायचा सरावाचा बोर्ड, त्यात काय काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. मधे ब्रेडबोर्ड, खाली टॉगल स्विच, वर एलईडी, ५ व्होल्टचा सप्लाय, सेव्हन सेगमेंट डिस्प्ले आणि कोपऱ्यात एक पल्सचं, म्हणजे क्लॉकचं बटण, दाबलं की सर्किटला एक ठोका देणारं. दिवाळीनंतर सोलापुरातच घेतलं, लोकल असेंबल केलेलं, साडेतीन हजाराला. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही, म्हणून कीस काढून लिहिणार आहे.

घरी किट कशाला, असं बऱ्याच जणी विचारतात. लॅबमध्ये एका किटवर चार-पाच जणी असतात. एकीने वायर लावायच्या आणि बाकीच्यांनी जर्नलात ट्रुथ टेबल (कुठल्या इनपुटला काय आउटपुट, तो तक्ता) उतरवायचं. अशाने सबमिशन होतं, हात बसत नाही.

पहिले दोन महिने किटने काही त्रास दिला नाही. गेट, के-मॅप (सर्किट सोपं करायचा तक्ता), हाफ अडर, फुल अडर (बेरजेची सर्किटं) सगळं झालं. ७४८३ या अडर आयसीवर चार बिटची बेरीज लावली तेव्हा मात्र २ आणि ३ मिळून ६ यायला लागले. लॅबच्या छापील आकृतीत कॅरी-इनची (आधीचा हातचा घ्यायची) १३ नंबरची पिन कुठेच जोडलेली नव्हती. टीटीएलची, म्हणजे या ७४ ने सुरू होणाऱ्या आयसींची इनपुट पिन मोकळी सोडली की ती स्वतःला १ समजते, म्हणून प्रत्येक उत्तरात एक जास्त. १३ ग्राउंडला दिली आणि ५ आले. तुमच्या जर्नलातही तीच आकृती असेल तर आत्ताच पेनने दुरुस्त करून ठेवा. यात किटचा दोष नाही, उलट किट घरी होतं म्हणून हे सापडलं. तोवर मी सगळ्यांना किट घ्याच म्हणत होते.

गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत काउंटर (पल्स मोजणारं सर्किट) लावायला घेतला आणि माझं मत पार फिरलं. आयसी ७४९०. क्लॉक १४ वर, १२ आणि १ एकमेकांना जोडलेल्या, २, ३, ६, ७ ग्राउंडला, सप्लाय ५ वर, ग्राउंड १० वर. बटण एकदा दाबलं की डिस्प्लेवर १ यायला पाहिजे. आला ३. परत दाबलं, ४. परत दाबलं, ७. आयसी बदलली, वायर बदलल्या, ब्रेडबोर्डची जागा बदलली, तरी तेच.

शेवटी पॅनलचे स्क्रू काढले. वर ‘मोनो पल्सर’ असं छापलेलं, आणि आत निघालं काय तर एक साधं पुश बटण आणि एक रेझिस्टर. बास. बटणाच्या आतली पत्री दाबल्यावर एका झटक्यात चिकटत नाही. टेकते, सुटते, परत टेकते, आणि हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं. बोटाला ते एकच दाबणं वाटतं. पण ७४९० ला सेकंदाला कोटीच्या घरात पल्स मोजता येतात, त्यामुळे पत्रीचं प्रत्येक टेकणं ती वेगळं धरते. मोनो पल्सरचं काम एका दाबण्याला एकच पल्स देणं हे आहे. ते होत नसेल तर त्या नावाखाली साधं बटण विकू नये.

दुकानदाराला फोन केला. ‘मॅडम, तुमचं वायरिंग लूज असेल. इतके किट गेलेत, कुणाची तक्रार नाही.’ मग रिक्षाने किट दुकानात नेलं आणि काउंटरवर मांडून त्यांच्याच हातून बटण दाबून घेतलं. २ वरून थेट ५. त्यावर म्हणाले, पॅनल उघडलंय, गॅरंटी संपली, नवीन बटण दीडशे रुपयांत बसवून देतो. नवीन बटणही तसंच थरथरणार, कारण दोष बटणात नाही, मागे सर्किटच नाही, हे परोपरीने सांगितलं. ऐकलं नाही. मला आजही याचा राग आहे. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर ज्यांनी आत्ताच गेट शिकायला सुरुवात केलीय त्यांना कसं कळणार? तशी एखादी मुलगी स्वतःचंच वायरिंग चुकलं समजून विषय सोडून देईल.

इलाज मामाकडे मिळाला. मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात फिटर आहे. म्हणाला, ‘तीन टोकांचा मायक्रो स्विच पाहिजे ना? जुन्या लूमचे भंगारात पडलेत की, आणतो.’ त्या स्विचवरच लिहिलेलं असतं: कॉमन, एनओ (एरवी सुटं), एनसी (एरवी जोडलेलं). कॉमन ग्राउंडला दिलं. बाकीची दोन टोकं ७४०० मधल्या दोन नँड गेटना, प्रत्येकी १ किलोओहमचा पुल-अप (५ व्होल्टला जोडलेला रेझिस्टर) लावून. एका नँडचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला, दुसऱ्याचं पहिल्याला. ही जोडी म्हणजे लॅच, आपली अवस्था धरून ठेवणारं सर्किट. पत्री एनओला पहिल्यांदा टेकते त्याच क्षणी लॅच पालटतं. मग ती कितीही थरथरली तरी उडून एनसीपर्यंत परत जात नाही, आणि तिथे टेकल्याशिवाय लॅच मागे फिरत नाही. १, २, ३, ४... डिस्प्ले एकेक आकडा चढत गेला. मी आईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं.

आता कोर्सबद्दल. हे दोन नँड म्हणजे आपल्या सिलॅबसमधलं एसआर लॅच. आमच्या नोट्समध्ये त्याचं ट्रुथ टेबल आहे, ‘फॉरबिडन’ अवस्था आहे, त्यावर दोन मार्कांचा प्रश्न आहे. ते वापरतात कुठे, याची एक ओळ नाही. मधे मी मैत्रिणींना सांगत होते की किट नको, लॉजिसिम (कॉम्प्युटरवर सर्किट लावून बघायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. आता तसं सांगणार नाही. लॉजिसिममधलं बटण कधी थरथरतच नाही. तिथे सगळं पहिल्या फटक्यात बरोबर येतं आणि लॅच कशाला लागतं हा प्रश्नच पडत नाही.

पल्स स्वच्छ मिळायला लागल्यावर मात्र वसुली झाली. ७४८३ आणि ७४१७५ (आकडा साठवणारं रजिस्टर) घेऊन छोटा अ‍ॅक्युम्युलेटर केला. बेरजेचं उत्तर रजिस्टरमध्ये, रजिस्टरचं आउटपुट परत अडरला. स्विचवर ३ ठेवून दाबत गेलं की ३, ६, ९, १२, १५, आणि मग कॅरीचा एलईडी लागून २ (१८ मधले १६ कॅरीत गेले). इथे ७४१७५ च्या जागी ७४७५ चालत नाही. ते लॅच इनेबल असेपर्यंत उघडंच राहतं, त्यामुळे बेरीज आतल्या आत फिरत राहते आणि काहीही उत्तर येतं. ७४१७५ फक्त क्लॉकच्या चढत्या कडेला, म्हणजे ० वरून १ होताना, आत घेते. लेव्हल ट्रिगर आणि एज ट्रिगरमधला फरक पुस्तकात मी अनेकदा वाचला होता. समजला तो इथे.

त्यानंतर ८०८५ प्रोसेसर वाचताना अडचण आली नाही. १९७६ सालचा प्रोसेसर शिकवतात म्हणून पोरं कुरकुरतात. मला तो योग्य वाटतो, कारण तो अजून हातात मावतो. ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, आत त्याचा निम्मा वेग, म्हणजे एक टी-स्टेट (क्लॉकचा एक ठोका) साधारण ३२५ नॅनोसेकंदांचा. एमव्हीआय ए (ए रजिस्टरमध्ये आकडा भरायची सूचना) हिला ७ टी-स्टेट: ४ ऑपकोड (सूचनेचा कोड) आणायला, ३ पुढचा बाइट वाचायला. आमच्याकडे हे आकडे पाठ करून घेतात. पण पुढची सूचना कुठे आहे ते सांगणारा प्रोग्रॅम काउंटर हाही काउंटरच. तो माझ्या ७४९० सारखा तीन घरं उडाला तर प्रोसेसर डेटालाच ऑपकोड समजून चालवेल. क्लॉकवर एक तास जास्त दिला असता तर निम्मं पाठांतर वाचलं असतं.

किटचं बाकीचं थोडक्यात. डिस्प्ले आणि एलईडी उत्तम. एक टॉगल स्विच सैल झालाय. एप्रिलच्या उन्हात ७८०५ ला (५ व्होल्ट देणारी आयसी) बोट लावता येत नाही, हीटसिंक छोटा आहे, तेव्हा तासाभराने बंद करून ठेवा.

पाचात तीन तारे. ७४०० वीस-पंचवीस रुपयांना मिळते. तेवढी आणि एक तीन टोकांचा स्विच आत घातला असता तर पाच दिले असते. घ्यायला जाताना एक ७४९० आणि पुरेशा वायर सोबत न्या, वर दिलेलं वायरिंग दुकानातच करा आणि बटण वीस वेळा दाबा. एकदा जरी आकडा उडाला तर पैसे देऊ नका.