कोथरूडमधील फिजिओथेरपी केंद्र : धावपटूच्या टाचेवरील उपचारांचा अनुभव

सातारा हिल अर्धमॅरेथॉनमध्ये यवतेश्वर घाटाचा चढ आणि परतीचा उतार धावल्यानंतर माझ्या टाचेमागील अकिलिस टेंडन (पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा चिवट पट्टा) दुखावला आणि जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन समोर असल्यामुळे मी कोथरूडमधील एका फिजिओथेरपी केंद्रात उपचार सुरू केले. तेथील फिजिओथेरपिस्ट बाईंनी दुखरी जागा तपासण्याबरोबरच माझा साप्ताहिक सराव, घाटातील धावणे आणि बुटांची झीज यांचीही बारकाईने चौकशी केली, हे मला विशेष मोलाचे वाटते.

उपचारांचा गाभा म्हणजे पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम : १५ वेळा, ३ फेऱ्या, दिवसातून दोनदा, सुमारे १२ आठवडे. गुडघा सरळ असताना पोटरीच्या वरच्या स्नायूवर, तर वाकवल्यावर त्याखालील सोलियस स्नायूवर अधिक भार येतो, म्हणून दोन्ही प्रकार करायचे असतात. संपूर्ण विश्रांतीने टेंडन बळकट होत नाही, त्याला क्रमाक्रमाने भार द्यावा लागतो, हे त्यांनी इतक्या संयमाने समजावले की व्यायामाचा कंटाळा आला तरी तो सोडावासा वाटला नाही.

संध्याकाळी मात्र वेळ ठरवूनही बरेच थांबावे लागते, ही खरोखर सुधारण्याजोगी बाब आहे. मुंबईची शर्यत यंदा सोडा, असा सल्ला त्यांनी निःसंकोचपणे दिला. तो ऐकताना वाईट वाटले. परंतु उन्हाळ्यात पर्वतीच्या पायऱ्या मी वेदनेविना चढू लागलो, आणि हौशी धावपटूंना या केंद्राची शिफारस मी मनापासून करतो.