रिव्हर्स शिकायला इथेच जा, बाकीचं मागून घ्या

माझं वय चोपन्न आणि स्टिअरिंगला हात पहिल्यांदाच लागला. हे आधी सांगते, कारण या ड्रायव्हिंग क्लासबद्दलचे इथले बहुतेक अभिप्राय कॉलेजच्या मुलांचे आहेत आणि ‘मस्त शिकवतात, पहिल्या फटक्यात लायसन्स’ एवढ्यावर संपतात. लायसन्स मिळतंच हो. मला गाडी चालवता यायला हवी होती. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमची सियाझ कोथरूडच्या सोसायटीत, बेसमेंटमध्ये धूळ खात उभी होती.

आधी तक्रार. क्लासच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. सुरुवातीला माझा क्लच शिकवणारे दादाच सांभाळत होते. गाडी बंद पडत नाही, शिकणारी खूष, आणि दादा फोनवर बोलायला मोकळे. शेवटी मी म्हटलं, ‘‘दादा, पाय वर घ्या. बंद पडली तर पडू दे.’’

‘‘काकू, मागचे हॉर्न मारतील.’’

‘‘मारू देत. दुसरं काय काम आहे त्यांना?’’

चांदणी चौकाच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्नही मारले. पण क्लच नेमका कुठे धरतो ते त्या चढावर पायाला कळलं. बोनेट किंचित उचलल्यासारखं होतं, गाडी थरथरते. तिथे पाय थांबवायचा आणि मगच हँडब्रेक सोडायचा. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी चढावर धरून ठेवायची नाही, क्लच प्लेट जळते, हेही दादांनीच सांगितलं. म्हणजे माणसाला येतं सगळं. विचारल्याशिवाय देत नाही.

रिव्हर्सला मात्र न मागता भरभरून दिलं. बाकी ठिकाणी पाठांतर असतं: मागच्या काचेत खांब दिसला की स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, मग सरळ. माझ्या भाचीला तसंच शिकवलंय. मैदानातला खांब मॉलच्या पार्किंगमध्ये कुठून आणायचा? इथे दादांनी मला गाडीतून उतरवलं, बाहेर उभं केलं आणि स्वतः हळूहळू गाडी मागे घेऊन दाखवली. म्हणाले, ‘‘चाकं बघा, गाडी नको.’’ वळतात ती पुढची चाकं, त्यामुळे मागे जाताना शेपूट आत शिरते आणि नाक बाहेर फेकलं जातं. आपण मागे बघत असतो आणि चरा पडतो पुढच्या कोपऱ्याला. आणि याच कारणाने, जिथे गाडी पुढून घुसत नाही तिथे रिव्हर्समध्ये अलगद बसते. एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर आरसे आपोआप समजायला लागले. सपाट जागेवर ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही, गाडी मुंगीच्या चालीने आणि हात मात्र भराभर, असा त्यांचा नियम आहे.

एक गोष्ट ऑफिसमध्ये कुणी सांगत नाही. क्लासची गाडी वॅगन आर, लांबी 3655 मिलिमीटर. सियाझ 4490, म्हणजे जवळजवळ पावणेतीन फूट जास्त. वळायला वॅगन आरला 4.7 मीटर त्रिज्या पुरते, सियाझला 5.4 लागते. आमच्या बेसमेंटच्या वळणावर वॅगन आर एका दमात निघते, सियाझला मागे-पुढे करावं लागतं. तेव्हा शेवटचे क्लास स्वतःच्या गाडीवर घ्या. त्याचे वेगळे पैसे घेतात, पण द्या. तुमच्या गाडीला दादांच्या बाजूला ब्रेक नसतो, म्हणून तेही फोन खिशात ठेवतात!

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. काउंटरवरची मुलगी लगेचचीच तारीख घ्यायला लावते. ऐकू नका. टेस्ट भोसरीच्या आयडीटीआरला (ड्रायव्हिंग प्रशिक्षण आणि संशोधन संस्थेत), नाशिक फाट्याजवळ झाली. आठाच्या ट्रॅकवर पोटात गोळा आला होता, पण पाय क्लचवर बरोबर होता.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक फोनचा आहे.

सकाळी सातची वेळ मागून घ्या. संध्याकाळी पौड रोडवर क्लास म्हणजे पैसे भरून ट्रॅफिकमध्ये बसणं. एसी लावत नाहीत, पाण्याची बाटली घरून न्या.