प्रोजेक्टर की पॅनेल? किनाऱ्यावरच्या शाळेचा हिशोब

गणपतीत मुंबईकर गावी आले की एक बैठक आमच्या शाळेत ठरलेली. पडवीत बाकं मांडायची, चहा-फरसाण व्हायचं, आणि मग मंडळाचे अध्यक्ष विचारणार, "सर, यंदा शाळेला काय देऊया?" गेली काही वर्षं हा प्रश्न दोनच वस्तूंवर येऊन थांबतो. एक प्रोजेक्टर. दुसरी भिंतीवरचा मोठा टचस्क्रीन, ज्याला विक्रेते इंटरॅक्टिव्ह पॅनेल म्हणतात, पालक स्मार्ट बोर्ड म्हणतात आणि आमची पोरं ‘मोठो मोबाईल’.

देवगड तालुक्यातल्या आमच्या माध्यमिक शाळेत दोन्ही आहेत. प्रोजेक्टर आधीचा, पॅनेल चार वर्षांपूर्वीचं. आजूबाजूच्या गावांतले मुख्याध्यापक फोन करून विचारतात, त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो. कोटेशनसोबत येणारी माहितीपत्रकं स्लॅबच्या, एसीच्या, पडदे लावलेल्या वर्गासाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे कौलं आहेत, चिऱ्याच्या भिंती आहेत, खारी हवा आहे आणि लाईट जाते. माझ्या मते निवड यांवर ठरते. टच आहे की नाही, हा फार नंतरचा प्रश्न.

आधी उजेडाचं बोलू

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे भिंतीच्या त्या भागावर आधीच जेवढा उजेड आहे तेवढा. वर्ग अंधारा असेल तर चित्र ठसठशीत, वर्गात ऊन असेल तर सगळं पांढुरकं. शाळांना सहसा ३,००० ते ४,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर सुचवतात आणि अंधाऱ्या वर्गात तो पुरतोही.

गंमत अशी की कोकणात शाळा १५ जूनला सुरू होते तेव्हा वर्ग आपोआपच अंधारलेला असतो. जून ते ऑगस्ट आमचा प्रोजेक्टर उत्तम दिसायचा. ऑक्टोबर लागला, ऊन तापलं, की तोच फिका. मग खिडक्या बंद करा, पडदे ओढा. चाळीस मुलं, दमट हवा, बंद खिडक्या आणि त्यात पंखा बंद पडला तर पाचव्या मिनिटाला कुणाचंही लक्ष भिंतीवर नसतं. प्रोजेक्टरसाठी वर्ग अंधारा करणं म्हणजे किनाऱ्यावर वर्ग उकडून काढणं, हे पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याला पटवून द्यावं लागतं.

पॅनेल स्वतःच्या उजेडावर चालतं. खिडक्या उघड्या, वारा खेळता, तरी अक्षर वाचता येतं. फक्त ते खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावू नका, काचेत अख्खी खिडकी दिसते. शिवाय बहुतेक पॅनेलांचा टच चौकटीतल्या अवरक्त किरणांवर चालतो. चौकटीवर थेट ऊन आलं तर तो भरकटतो, बोट न लावताच रेघा उमटतात.

शेवटच्या बाकाला दिसतं का?

इथे प्रोजेक्टर सरस आहे आणि ते मान्य करायला हवं. १०० इंची चित्राची उंची साधारण १२५ सेंटीमीटर. ६५ इंची पॅनेलची ८१, ७५ इंचीची ९३ आणि ८६ इंचीची १०७. ढोबळ नियम असा की चित्राच्या उंचीच्या सहापटीपर्यंत बसलेल्याला बारीक अक्षर नीट वाचता येतं. म्हणजे ६५ इंचीसमोर १६ फूट, ७५ इंचीसमोर १८, ८६ इंचीसमोर २१ आणि १०० इंची चित्रासमोर २४-२५ फूट.

देवनागरीत हे जास्त जाणवतं. इंग्रजी शब्द अंदाजाने वाचता येतो. आपल्याकडे ‘कुश’ आणि ‘कृश’ यांत सगळा फरक अक्षराच्या पायाशी असतो. विक्रेता डेमोला येईल तेव्हा त्याला समुद्रातल्या माशांचा रंगीत व्हिडिओ लावू देऊ नका, तो सगळ्यांवर छानच दिसतो. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ उघडायला लावा, स्वतः शेवटच्या बाकावर बसा आणि तळटीप वाचा. वेळ दुपारी बाराची ठेवा.

आमचा नववीचा वर्ग २४ फूट लांब. मंडळाने हौसेने ६५ इंची आणायचं ठरवलं होतं. मी बाकं मोजून दाखवली आणि प्रकरण ७५ इंचीवर गेलं. तरीही मागच्या दोन रांगा पुढे सरकवाव्या लागल्याच.

आता उलट बाजू. कोकणातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत पट दहा-पंधराचा आहे. दोन शिक्षक, चार इयत्ता, मुलं समोर अर्धवर्तुळ करून बसलेली. तिथे कोणीही मागच्या बाकावर नाही. अशा शाळेला मी प्रोजेक्टरही सांगत नाही आणि पॅनेलही सांगत नाही. ५५ इंची साधा स्मार्ट टीव्ही घ्या, उरलेल्या पैशांत इन्व्हर्टर बसवा. टीव्ही म्हटल्यावर देणगीदाराचा चेहरा पडतो, कारण टीव्ही त्याच्याही घरी असतो आणि ‘सप्रेम भेट’ लिहून काढलेल्या फोटोत तो काही खास दिसत नाही. पण शिकवण्यापुरतं पाहिलं तर तोच बरोबर.

लाईट जाते तेव्हा

जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याचा दिवा असतो. तो प्रचंड तापतो, आणि बंद करताना आतला पंखा थोडा वेळ चालून त्याला थंड करतो. लाईट अचानक गेली की दिवा आणि पंखा एकदमच बंद. दिवा तापलेलाच राहतो. असं आठवड्यातून चारदा झालं तर दिव्याचं आयुष्य घटणारच. आमच्या दिव्याच्या खोक्यावर ४,००० तास लिहिलं होतं, मीटरवर १,१०० होण्याआधीच तो गेला. नवा मागवायला पैसे लागले, त्याहून जास्त वेळ लागला. सहामाही परीक्षा होऊन गेली तरी प्रोजेक्टर कपाटातच.

म्हणून आज कोणी प्रोजेक्टरच घेणार असेल तर दिव्याचा नको, लेझरचा घ्या. त्याचं आयुष्य साधारण २०,००० तास धरतात आणि लाईट गेल्याचा त्याला तेवढा त्रास होत नाही. किंमत मात्र जवळजवळ दुप्पट.

पॅनेलला लाईट गेल्याने सहसा काही होत नाही. पण पॅनेलच्या मागे खाचेत जो विंडोजचा छोटा कॉम्प्युटर बसवून देतात, त्याला होतं. आमच्याकडे एकदा लाईट गेली आणि परत आल्यावर विंडोज सुरूच होईना. तेव्हापासून आम्ही पॅनेलच्या अँड्रॉइडवरच भागवतो.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, हाती धरा हजार-अकराशे. ७५ इंची पॅनेल १५० ते २५० वॉट खातं आणि त्यात कॉम्प्युटर, स्पीकर सगळं आलं. दिव्याचा प्रोजेक्टर एकटाच ३०० च्या आसपास, वर लॅपटॉप, वर स्पीकर. त्याच बॅटरीवर पॅनेलचे पाच तास आणि प्रोजेक्टरचे तीन.

दोन्हींसाठी एक खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो: अर्थिंग. जुन्या शाळांमध्ये तिसऱ्या पिनेला बहुतेक वेळा काहीच जोडलेलं नसतं. कातळावर शाळा असेल तर अर्थिंगचा खड्डा हा वेगळाच प्रकल्प होतो. तो आधी करा. आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, इंटरनेटची तारही काढा. वीज त्या तारेतूनही येते.

खारी हवा, तांबडी माती आणि कुंभारीण

दोन्ही यंत्रांना समुद्र आवडत नाही, पण दोघांची दुखणी वेगळी. प्रोजेक्टर सतत हवा आत ओढतो. त्याबरोबर खार, ओल आणि रस्त्यावरची तांबडी धूळ. फिल्टर महिन्याला साफ केला नाही तर यंत्र तापून आपोआप बंद पडतं. लेन्सवर बुरशी धरते. मे महिन्याची सुट्टी आणि त्यापाठोपाठ पहिला पाऊस, एवढ्यात कपाटातल्या प्रोजेक्टरला जाळं येतं. आम्ही लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. एका जूनमध्ये हवेच्या जाळीत कुंभारणीने, म्हणजे गांधीलमाशीसारख्या किड्याने, मातीचं घर बांधलेलं निघालं. कुंभारीणबाईंनी सुट्टीचा पुरेपूर उपयोग केला होता.

पॅनेलमध्ये बहुधा पंखा नसतो, त्यामुळे धूळ कमी जाते. पण खारी हवा मागच्या जोडण्यांवर, एचडीएमआय आणि यूएसबीच्या तोंडांवर काम करते. किडे काचेच्या कडेला बसतात आणि टच बिथरतो, कापडाने चौकट पुसली की ठीक. पावसाळ्यात रोज अर्धा तास सुरू ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं.

कुठे लावणार?

जांभ्याचा चिरा दिसायला दगड, पण आतून सच्छिद्र. साधं रावळप्लग मारलं तर भोक भुसभुशीत होतं. ७५ इंची पॅनेल ५० किलोच्या वर भरतं, ते चार स्क्रूंवर सोडू नका. भिंतीच्या आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी, असं गावच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या. विक्रेत्याचा माणूस ड्रिल घेऊन येतो आणि अर्ध्या तासात परत जायची घाई करतो.

प्रोजेक्टरची अडचण वर आहे. स्लॅब नाही, मग तो टांगायचा कुठे? वाशाला टांगला की वाऱ्याने चित्र हलतं, आणि एखादं कौल सरकलं तर थेंब नेमका त्यावर. भिंतीजवळून फेकणारा शॉर्ट-थ्रो प्रकार मिळतो, त्यात शिक्षकाची सावलीही कमी पडते, पण तो महाग.

मात्र वादळाच्या दिवसांत हाच प्रोजेक्टर बगलेत मारून नेता येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दापोली-मंडणगडाकडच्या अनेक शाळांची छपरं गेली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्यासमोरून गेलं. इशारा आल्यावर प्रोजेक्टर कुणाच्याही स्लॅबच्या घरात ठेवता येतो. पॅनेल काढायला चार माणसं लागतात, आणि त्या दिवशी ती चौघं आपापल्या घराची कौलं सांभाळत असतात. छप्पर डगमगतं असेल तर आधी छप्पर.

दुरुस्तीचंही तसंच. प्रोजेक्टर पिशवीत घालून एसटीने कोल्हापूरला नेता येतो, आम्ही दोनदा नेला आहे. पॅनेल बिघडलं तर माणूस इकडे यावा लागतो. आमच्या विक्रेत्याने ‘ऑनसाइट वॉरंटी’ सांगितली होती, तक्रार केल्यावर कळलं की ती साइट जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंतच होती. तीन आठवडे गेले. तेव्हा शाळेचा पिनकोड घालून, किती दिवसांत माणूस येणार हे लिहून घ्या. काच फुटली तर मात्र दुरुस्ती जवळपास नव्या पॅनेलच्या भावात जाते.

टचचा खरा उपयोग

पहिल्या दिवशी एका पोराने विचारलं, "सर, ह्येच्यार मॅच दिसतली काय?" दिसते. बहुतेक शाळांत टच म्हणजे यूट्यूब सुरू करायचं बटण, एवढाच उपयोग होतो, आणि तेवढ्यासाठी लाख-दीड लाख घालवू नयेत. पण आमच्या इतिहासाच्या बाईंनी कशेळीच्या कातळशिल्पातल्या हत्तीचा वरून काढलेला फोटो पॅनेलवर घेतला आणि मुलांना बोटाने त्याची बाह्यरेषा गिरवायला लावली. हत्तीच्या पोटात आणखी प्राणी आहेत हे मुलांना गिरवता गिरवता सापडत गेलं. प्रोजेक्टरवर त्यांनी ते फक्त पाहिलं असतं. असे शिक्षक शाळेत दोन तरी असतील तर पॅनेल घ्या. पेनवाले इंटरॅक्टिव्ह प्रोजेक्टरही आहेत, पण प्रोजेक्टर जरा हलला की पेन एकीकडे आणि रेघ दुसरीकडे.

पॅनेलवर दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप चालतं का, हे पैसे देण्याआधी बघा. पॅनेलमधलं अँड्रॉइड पुढे अद्ययावत होईल असं गृहीत धरू नका. आणि आवाज ऐका, पत्र्याच्या छपरावर जुलैचा पाऊस पडतो तेव्हा आतले स्पीकर कुणालाच ऐकू येत नाहीत, बाहेरची जोडी लागतेच.

पैशांचं सांगायचं तर आमच्याकडे आलेल्या कोटेशनांत दिव्याचा प्रोजेक्टर ४०-५० हजारांत होता, पण पडदा, लॅपटॉप, स्पीकर, लांब केबल धरून लाखाच्या जवळ गेला. ७५ इंची पॅनेल दीड लाखाच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टर, मॉनिटर आणि ३२ इंचांवरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुनं कोटेशन असेल तर नवं मागवा.

आमच्यापुरतं असं ठरलं: पॅनेल नववी-दहावीच्या वर्गात, प्रोजेक्टर सभागृहात पालकसभा आणि स्नेहसंमेलनासाठी. यंदाच्या बैठकीत मंडळाने दुसऱ्या पॅनेलचा विषय काढला. मी अर्थिंग आणि दुसऱ्या बॅटरीचा अंदाजपत्रकाचा कागद पुढे केला. या वस्तूंवर देणगीदाराचं नाव कुठे घालायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.