नव्या गाडीचा मेन पाटा तुटला आणि कंपनीने खर्च दिला: दीड वर्षाच्या वापरानंतर

गाडी म्हणजे चौदा फुटी, सहा टायरी ट्रक. लासलगावहून वाशी मार्केटला कांदा आणि परतीला जे मिळेल ते भाडं. ड्रायव्हर ठेवलेला नाही, मीच चालवतो. इंजिनबद्दल तक्रार नाही, परतीचा माल भरून कसारा घाट आरामात चढते. ॲव्हरेजही ठीक आहे. लिहायचंय ते पाट्यांबद्दल, म्हणजे चाकांवर वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगबद्दल, कारण नव्या गाडीचा पाटा तुटला की सर्व्हिस सेंटरवाले "ओव्हरलोड" म्हणून मोकळे होतात आणि आपली माणसं खिशातून पैसे भरतात. याची मला खरंच चीड आहे.

माझा मागचा डावा मेन पाटा (सगळ्यात वरचा) गेला तेव्हा वॉरंटी शिल्लक होती. आधी गाडी डावीकडे झुकल्यासारखी वाटली, मग सरळ रस्त्यावरही तिरकी चालायला लागली. उतरून बघितलं तर डावं चाक मडगार्डच्या मधोमध नव्हतं, मागे सरकलं होतं. एक्सल जागेवर धरून ठेवतो तो मेन पाटाच. खालचे पाटे वजन पेलतात, पण एक्सल सरकायचा थांबवत नाहीत. अशी गाडी "हळूहळू नेऊ" म्हणत चालवू नका, टो करा.

सर्व्हिस सेंटरला सुपरवायझरने चाकही न उतरवता सांगितलं, "शेठ, ओव्हरलोडने गेलाय. वॉरंटीत नाही बसणार." मी म्हटलं, "ठीक आहे, हेच कारण जॉब कार्डावर लिहून सही-शिक्का द्या." तेव्हा कुठे पाटे खोलून बघू म्हणाले.

पाटा बरोबर सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र बांधणारा बोल्ट) भोकातून आडवा तुटला होता. तुटलेल्या तोंडाची एक बाजू तपकिरी, गंजलेली, तिच्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेषा. दुसरी बाजू चकचकीत आणि दाणेदार. याचा अर्थ तडा जुना होता, रोज थोडा थोडा वाढत गेला आणि उरलेला भाग शेवटी एकदम तुटला. एका खड्ड्यात किंवा एका भारी फेरीत मोडलेल्या पाट्याचं तोंड असं दिसत नाही.

भोकातून तुटणं हीसुद्धा मोठी खूण आहे. यू-बोल्ट, म्हणजे पाटे एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट, घट्ट असले की पाट्यांचा तो मधला भाग दाबून धरलेला असतो, वाकत नाही. ते सैल पडले की प्रत्येक दणक्याला पाटा तिथेच वाकतो, आणि भोकामुळे तो आधीच कमजोर असतो. नव्या गाडीत पाटे बसतात, त्यांच्यामधला रंग दबतो, म्हणून सुरुवातीच्या भरल्या फेऱ्यांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. माझ्या पहिल्या सर्व्हिसच्या जॉब कार्डावर हे काम केल्याची खूण होती, शिक्का याच सेंटरचा. म्हणजे एकतर आवळणी झाली नव्हती किंवा पाट्याचं पोलाद सदोष होतं. दोन्हींत माझा काय संबंध?

ओव्हरलोडचं उत्तर काटापावत्यांनी (वजनकाट्यावरच्या पावत्या) दिलं. प्रत्येक फेरीची पावती फाईलला लावलेली, सगळी वजनं पासिंगच्या, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनाच्या आत. फोटो, आरसी, जॉब कार्डं, पावत्या असं सगळं एकाच मेलमध्ये कंपनीच्या कस्टमर केअरला आणि एरिया मॅनेजरला पाठवलं. उत्तर आलं, गुडविल म्हणून अर्धा खर्च देतो. सोबतच्या कागदावर "यापुढे कोणताही दावा करणार नाही" असं वाक्य होतं. मी सही केली नाही.

स्टँडवर बरेच जण म्हणाले, "भाऊ, धंद्याच्या गाडीला ग्राहक कायदा लागत नाही." हे अर्धंच खरं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक वापराची वस्तू वगळली आहे, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. स्वतः चालवणारा मालक त्यात बसू शकतो. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. 10 ते 20 लाखांच्या वस्तूला फी 400 रुपये. वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. मी आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर पुढच्या मेलमध्ये टाकला.

त्यानंतर कंपनीचा इंजिनिअर स्वतः आला. तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला, मग उजव्या बाजूच्या यू-बोल्टला टॉर्क रेंच (आवळणी किती घट्ट आहे ते मोजणारा पाना) लावला. तिथलेही नट फिरले, म्हणजे तेही सैलच होते! पुढे फार वाद झाला नाही. डाव्या बाजूचा पूर्ण सेट, दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि मजुरी वॉरंटीत मंजूर झाली. बुश आणि शॅकल पिन (पाट्याच्या टोकांच्या जोडातले भाग) झिजणारे भाग म्हणून माझ्या अंगावर पडले. गाडी उभी होती त्या दिवसांच्या हप्त्याचं तर कुणी नावही काढत नाही.

क्लेम मंजूर झाला की तुटलेला पाटा कंपनी परत नेते. त्याआधी तोंडाचे जवळून फोटो काढा आणि दिल्याची पोच घ्या. मंजुरी लेखी येईपर्यंत तुकडा भंगारात जाऊ देऊ नका, मिस्त्री कितीही घाई करो.

पाटे बदलल्यापासून गाडी सरळ चालते, टायर एकसारखे घासतात. सर्व्हिसला आता मी रेंच लागेपर्यंत शेजारी उभा असतो. गाडीला पाचपैकी चार तारे, सर्व्हिस सेंटरला दोन. टोइंगचे पैसे अजून मिळालेले नाहीत, त्याचे मेल चालू आहेत.