श्रीयंत्राची पूजा: ताम्हनात की मनात?

रूपाभवानीच्या देवळात नवरात्राची गर्दी सुरू झाली की सोलापुरात हा प्रश्न हमखास निघतो: श्रीयंत्र, म्हणजे देवीची रेखाकृती, ताम्हनात मांडून पुजावं की मनातच?

बाह्य पूजेला वेळ लागतो. यंत्राच्या नऊ आवरणांचं, म्हणजे थरांचं, अर्चन बाहेरच्या चौकोनापासून मधल्या बिंदूपर्यंत क्रमाने जातं. घाईत क्रम मोडतो. तांब्याच्या यंत्राच्या रेघांत कुंकू साचतं, ते चिंचेने घासून काढावं लागतं.

मानसपूजेला खर्च नाही, एकेक बीजाक्षर म्हणत एकेक उपचार मनातच वाहायचा: लं गंध, हं पुष्प, यं धूप, रं दीप, वं नैवेद्य. पण मन भटकलं की पूजा तिथेच थांबते. खरी अवघड हीच!

सौंदर्यलहरीचे टीकाकार लक्ष्मीधर समयमार्गात, म्हणजे आंतरिक पूजेच्या मार्गात, बाह्य पूजा नाकारतात. ललितासहस्रनामाचे भाष्यकार भास्करराय यांना दोन्ही मान्य.

नवशिक्याने गुरूकडून शिकून यंत्रच मांडावं, हातांमुळे मन टिकतं. सराव झालेल्याला, कामाच्या पाळीवर किंवा प्रवासात असणाऱ्याला मानसपूजा सोयीची.