विकलं गेलेलं हॉस्पिटल की न विकलेलं?

घरात कायमचा पेशंट असलेल्यांपुढे हल्ली एक नवाच पेच येतो. वर्षानुवर्षांचं हॉस्पिटल एखाद्या मोठ्या साखळीने विकत घेतलं, पाटी बदलली, सिस्टर्सचे गणवेश बदलले. आता तिथेच राहायचं, की चार चौक पुढच्या, अजून डॉक्टरांच्याच मालकीच्या हॉस्पिटलात फाइल हलवायची? आईसाठी मला हे ठरवावं लागलं. तिच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे, म्हणजे हार्ट फेल्युअर. म्हणजे एकदा ऑपरेशन केलं की सुटलो, असलं हे दुखणं नव्हे. गोळ्या, वजन, पायांची सूज, पुन्हा गोळ्या, हे चालूच राहणार. खालचं सगळं अशा दुखण्यांपुरतं धरा. गुडघा बदलायचा असेल तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

पाट्या बदलणं तसं जुनंच आहे. 2009 मध्ये वोक्हार्टची दहा हॉस्पिटलं फोर्टिसकडे गेली, त्यात मुलुंडचंही होतं. विलेपार्ल्याचं नानावटी 2014 मध्ये रेडियंटकडे आणि पुढे मॅक्सच्या छत्राखाली गेलं. नागपुरात 2022 मध्ये किंग्जवे हॉस्पिटल किम्सकडे आणि 2024 मध्ये अलेक्सिस हॉस्पिटल मॅक्सकडे. पुण्याच्या सह्याद्रीचा प्रवास तर सगळ्यांत बोलका: 2019 मध्ये एव्हरस्टोन हा गुंतवणूक फंड, 2022 मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियोच्या शिक्षकांचा पेन्शन फंड, आणि 2025 मध्ये मणिपालची घोषणा की आता आम्ही घेतोय. डेक्कनवर पेशंटला सलाईन लागायचं आणि त्यातून कॅनडातल्या निवृत्त मास्तरांची पेन्शन निघायची, हे मला अजून नीटसं पचलेलं नाही. अर्थात मालक कुठला यावर उपचार चांगले-वाईट ठरत नाहीत. आणि ज्या हॉस्पिटलाबद्दल मी पुढे तक्रारी सांगणार आहे ते या नावांपैकी नाही. त्याचं नाव लिहिणार नाही.

आधी साखळीच्या बाजूने. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर कसलीही तुलना न करता मोठ्या हॉस्पिटलात जा. अर्धांगाच्या झटक्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत पडावं लागतं, आणि मेंदूचा स्कॅन करून ते देणारा माणूस मध्यरात्री जागा असावा लागतो. आमच्या हॉस्पिटलात पूर्वी रात्रीच्या अँजिओप्लास्टीसाठी टेक्निशियनला घरून बोलवून आणत. नवा मालक आल्यावर कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, खरोखर चोवीस तास सुरू झाली, आयसीयूत रात्री नवख्या आरएमओऐवजी (निवासी डॉक्टरऐवजी) अनुभवी डॉक्टर दिसू लागले. संडास स्वच्छ झाले, हेही सांगायलाच हवं. कॅशलेससुद्धा, म्हणजे विमा कंपनीने बिल परस्पर भरणं, सरळ होतं. कागद टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे) आपोआप जातात, आपण फक्त सह्या करायच्या.

पैशांच्या बाबतीत मात्र मला फरक उलटाच जाणवला. एकत्र खरेदीमुळे सगळं स्वस्त होतं, हे विलीनीकरणाचं नेहमीचं समर्थन. हॉस्पिटलला होतही असेल. पण स्टेंटची (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीची) कमाल किंमत सरकारनेच फेब्रुवारी 2017 मध्ये बांधून दिली (औषध लावलेल्या स्टेंटची तेव्हा 29,600 रुपये), आणि घाऊक खरेदीत त्याखाली जे वाचतं ते पेशंटच्या बिलापर्यंत आलेलं मी तरी पाहिलं नाही. बिलातल्या ओळी तेवढ्या वाढल्या. मी बँकेतून निवृत्त झालोय, आमचीही बँक मोठ्या बँकेत विलीन झाली होती. तेव्हा पाहिलं की हेड ऑफिसात जे एकत्र करतात तिथे बचत होते, आणि काउंटरवरचं एकत्र करायला गेले की रांग वाढते. इंग्लंडचा अनुभवही फार निराळा नाही. 1997 ते 2006 या काळात तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतली जवळजवळ निम्मी मोठी हॉस्पिटलं एकमेकांत विलीन केली गेली. गेनर, लॉडिचेला आणि प्रॉपर या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा तेवढ्याच माणसांत जास्त काम होऊ लागल्याचं काही दिसलं नाही. तोटे वाढले होते आणि पेशंटची प्रतीक्षा लांबली होती.

कर्मचाऱ्यांचं चित्र मिश्र आहे. साखळीत पीएफ आहे, पगार तारखेला होतो, सुट्टीचा हिशेब कागदावर असतो. छोट्या हॉस्पिटलात यातलं किती असतं ते विचारू नये. पण साखळीत बदल्याही आल्या. आईच्या हाताला शीर पटकन सापडत नाही. जुन्या वॉर्डातल्या एका सिस्टरला ती कोपराच्या आतल्या बाजूला कुठे मिळते हे पाठ होतं. तिला दुसऱ्या शाखेत पाठवलं, आणि पुढच्या खेपेला आईचे दोन्ही हात काळेनिळे. पगाराबद्दलही एक गोष्ट वाचण्यासारखी आहे. प्रेगर आणि श्मिट या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की विलीनीकरणामुळे ज्या गावात हॉस्पिटलांची स्पर्धाच फार कमी होते, तिथे नर्स आणि फार्मासिस्टांची पगारवाढ मंदावते. कारण साधं आहे, नोकरी सोडून जायला दुसरं दारच उरत नाही.

आता ज्यावर माझं ठरलं ते. फोन.

पंपिंग कमी असलेल्या माणसाचं रोज सकाळी वजन करायचं असतं. दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढलं तर ते साठलेलं पाणी. अशा वेळी लघवीची गोळी वाढवायची का आणि किती, हा डॉक्टरांसाठी दोन मिनिटांचा प्रश्न असतो. पण तो त्याच दिवशी विचारायला हवा, कारण उशीर झाला की दम लागतो आणि मग दाखल करण्यावाचून गत्यंतर नसतं. पूर्वी मी सरळ वॉर्डला फोन लावायचो. सिस्टर आवाज ओळखायच्या. "आजींचं आज किती भरलं?" मग राउंड संपला की डॉक्टरांना विचारून त्यांचाच उलट फोन. याचे कुणी पैसे घेतले नाहीत, आणि असं करायचं म्हणून कुठे लिहिलेलंही नव्हतं.

मालक बदलल्यावर सगळे नंबर एका कॉल सेंटरला जोडले गेले. मराठीसाठी दोन दाबा. पलीकडची मुलगी अतिशय नम्र, पण बसलेली दुसऱ्या राज्यात, आणि समोर तिच्या फक्त अपॉइंटमेंटचा तक्ता. "सर, गुरुवारी सव्वाअकराचा स्लॉट देऊ?" तेव्हा सोमवार असायचा. "अर्जंट असेल तर पेशंटला इमर्जन्सीत घेऊन या, सर." या दोन्हींच्या मधलं तिच्याकडे काही नाही. आणि आमच्यासारख्यांचं सगळं दुखणंच त्या मधल्या जागेत असतं. वॉर्डचा थेट नंबर मागितला तर तो देता येत नाही. अ‍ॅपवर डॉक्टरांना प्रश्न विचारायची सोय आहे; उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी येतं, 'कृपया ओपीडीत दाखवा'. अशाच एका शनिवार-रविवारी आईला दाखल करावं लागलं. फोन लागला असता तर टळलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्यानंतर माझा जीव तिथे रमला नाही.

व्यवस्थापनाची बाजूही ऐकून घेतली. फोनवर सांगितलेल्या डोसची नोंद राहत नाही, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मुद्दा रास्त आहे. मग नोंद ठेवायची व्यवस्था करायची होती, फोनच का काढून घेतला, एवढंच माझं म्हणणं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 2020 साली विकत घेतल्या गेलेल्या अमेरिकी हॉस्पिटलांचा अभ्यास आला होता. मृत्यूचं प्रमाण किंवा डिस्चार्जनंतर पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण यांत म्हणावा असा फरक नाही, पेशंटचा अनुभव मात्र किंचित खालावलेला, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे माझ्या त्या शनिवार-रविवारच्या संशयाला त्याचा पाठिंबा नाही, हे मान्य. 'किंचित' हा शब्द मात्र सरासरीचा आहे; फोन कानाला लावून बसलेल्याला तो किंचित वाटत नाही.

दुसरं हॉस्पिटल चाळीसेक खाटांचं, पतीपत्नी दोघेही डॉक्टर. लिफ्टमध्ये स्ट्रेचर जेमतेम मावतं. पार्किंग नाही. एमआरआय बाहेरून. केस पेपर अजून हाताने, आणि सरांचं अक्षर वाचायला त्यांचाच कंपाउंडर लागतो. कॅशलेसचं तर नावच नको. विमा कंपन्यांच्या यादीत नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस मिळावं अशी योजना जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाली, पण काउंटरवर उत्तर ठरलेलं: "आधी भरा, मग क्लेम करा." ज्यांच्याकडे लाख-दीड लाख हाताशी नसतात त्यांच्यासाठी ही अडचण माझ्या फोनपेक्षा मोठी आहे, आणि त्यांनी साखळीतच राहावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. सर लग्नाला गावी गेले की त्यांच्या जागी जो येतो त्याला आईबद्दल काही ठाऊक नसतं, हीदेखील खरी धास्ती.

पण फोन रिसेप्शनवरच्या काकू उचलतात. "काका, थांबा जरा, सर इकोला बसलेत, दहा मिनिटांत करते." दहाची वीस होतात, पण फोन येतो. गोळी अर्धी वाढते, आणि आई त्या रात्री तिच्याच खाटेवर झोपते. डोसची नोंद काकूंच्या लाल वहीत असते, जी मोठ्या हॉस्पिटलात ऑडिटवाल्यांनी पहिल्या दिवशी फेकली असती.

तेव्हा आमची फाइल आता तिथे आहे. साखळीतली नोंदणी बंद केलेली नाही, अधूनमधून तिथे इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतो, आणि सगळ्या रिपोर्टांचे फोटो माझ्या नि बायकोच्या मोबाइलात आहेत, कारण छातीत दुखलं तर जायचं तिकडेच. छोट्या हॉस्पिटलाच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलंय. हा मध्यममार्ग सगळ्यांना जमेल असं नाही. दोन ठिकाणं सांभाळायला माणूस लागतो, आणि मी घरी असतो म्हणून निभतं.

फाइल हलवण्याआधी छोट्या हॉस्पिटलाच्या डॉक्टरांचं वय आणि त्यांची मुलं काय करतात ते मात्र पाहून घ्या. आमचे सर साठीच्या आसपास आहेत, मुलगी डॉक्टर नाही, आणि एका साखळीची माणसं भेटून गेल्याचं कानावर आलंय. तसंच तुमच्या मोठ्या हॉस्पिटलात हार्ट फेल्युअरच्या पेशंटांसाठी वेगळी नर्स आणि तिचा थेट नंबर आहे का, हे विचारा. काही ठिकाणी असते. रात्री साडेनऊला त्या नंबरवर फोन लावा. तिने उचलला आणि तुमच्या पेशंटचं नाव सांगितल्यावर तिला कळलं, तर माझा अर्धाअधिक युक्तिवाद तुम्हाला लागू नाही, बिनधास्त तिथेच राहा.